मुनीरनं अडवलेले डास

"दिगूभाऊ, सर गेले..." मुनीरची बायको, आमच्या भाभी, फोनवर एवढंच बोलल्या. मी औषधाच्या दुकानात गिऱ्हाईकाला गोळ्या देत होतो. आधी रडू नाही आलं, राग आला. लातूरच्या कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवणारा माझा दोस्त मुनीर डेंग्यूनं जातो म्हणजे काय! महिना झाला, तरी ते डोक्यातून जात नाही.

आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून घरोघरी ड्रम आणि हौद गच्च भरलेले. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा, असं आरोग्यवाले सांगतात. पण भरला ड्रम ओतून द्यायला लातूरकराचा हात धजतो होय? डासांना आयतं घर. गेल्या वर्षी माझ्या नातीला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत गेल्या, कशीबशी वाचली पोरगी. त्यानंतर एक संशोधन संस्था गल्लीत आली. प्रयोगशाळेत जनुकं बदललेले नर डास सोडायचे; नर चावत नाहीत, आणि त्यांच्यापासून झालेल्या माद्या अळी असतानाच मरतात. अशानं डास घटत जाणार. गल्लीचा होकार मिळवायचं काम मुनीरकडे आलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो!

कसलं काय! घराघरातून होकार आल्याशिवाय एकही डास सोडायचा नाही, अशी अट यानंच घातली. सगळे हो म्हणाले. फक्त कोपऱ्यावरच्या शेवंताबाई अडून बसल्या. माझ्या दारात काय सोडायचं ते मी ठरवीन, म्हणाल्या. मुनीर रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचा. मी भडकलो.

"एका बाईपायी लेकरं मारतोस का रे? तुझाच विश्वास न्हाई का त्या मच्छरांवर?"

"हाय की, पूर्ण हाय. पण दिगू, गोळी नको वाटली तर माणूस थुंकून टाकतो. हे एकदा सोडले की तिनं कुठं जावं?"

"आन् तोवर तापानं कुणी मेलं तर?"

त्यानं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. मी चहा न घेता उठलो. पुढं गल्लीत तापाचे पेशंट वाढले, आणि त्यातच मुनीर आडवा झाला.

तो गेल्यावर संस्थेनं त्याचं काम माझ्याकडं दिलं. मी तडक शेवंताबाईंच्या दारात. तोंड उघडायच्या आत त्या रडायला लागल्या.

"माझ्यामुळंच गेले का हो सर? सोडा तुमचे मच्छर. माझं काही म्हणणं न्हाई आता."

हाच होकार मला हवा होता. घ्यायचा आणि निघायचं, बस्स. मुनीरवरचा राग तेव्हाही गेला नव्हता, खरं सांगतो, अजूनही गेलेला नाही. तरी तोंडातून निघालं, "न्हाई बाई. असा रडून दिलेला होकार मुनीरनं घेतला नसता. तुमचं काय विचारायचं राहिलंय ते विचारा."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणली. सर हिच्यावरच बसायचे, म्हणाल्या. मी बसलो.

"हे मच्छर चिमण्यांनी खाल्ले, तर चिमण्यांला काय व्हतंय?"

मला कुठं ठाऊक! विचारून सांगतो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्यांचा दुसरा प्रश्न तयारच होता. गल्लीत डास अजून तेच आहेत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून घरी माझी नात भरदुपारी मच्छरदाणीत बसून अभ्यास करते, आणि मी रोज संध्याकाळी त्या खुर्चीवर जाऊन बसतो.