पैलवानाची बदली

"मला काय धाड भरलीय?"

कसा आहेस म्हणून विचारलं की त्याचं हे उत्तर ठरलेलं. वर छातीवर थाप मारायचा. त्या आवाजाने माझ्या खानावळीत झोपलेलं मांजर उठून पळायचं.

पिंपरीत कारखाने नवे नवे उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. आमची जमीन कंपनीत गेली, म्हणून मी पडवीत खानावळ घातली. तो बीडकडून आलेला, प्रेसमशीनवर पत्रा दाबायचा. गावाकडे कुस्त्या मारलेला गडी, म्हणून सगळे पैलवान म्हणायचे. असा माणूस तुमच्याही आळीत असेल. त्याला कधी काही होत नाही, हे आपणच ठरवून टाकतो.

एकदा शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा पंजा पत्र्याबरोबर दाबला गेला. पैलवानानेच त्याला उचलून बाहेर आणलं. लोकांनी पाठ थोपटली. पुढे महिन्याभराने चालू शिफ्टमध्ये पैलवानाला दरदरून घाम फुटला, हातपाय लटपटले आणि तो मशीनपाशीच खाली बसला. फिट आली, फिट आली, असा गलका झाला. दोघांनी धरलं, तिसऱ्याने नाकाला चप्पल लावली. तो शुद्धीत होता. सोडा म्हणत होता. चप्पल मात्र सगळ्या खात्यासमोर हुंगवली.

कंपनीच्या डॉक्टरने तपासून कागदावर 'फिट' लिहिलं. म्हणजे कामाला धडधाकट. जेवणाच्या पंगतीत एकजण म्हणाला, "आमी म्हणलो फिट, डॉक्टर बी म्हणला फिट. मग पैलवान, भांडण कशाचं राव?"

पंगत हसली. तोही हसला.

सगळे उठून गेल्यावर तो ताटावरच बसून राहिला आणि रडायला लागला. एवढा मोठा देह, पण आवाज कुत्र्याच्या पिल्लासारखा.

"मावशी, मशीन खाली आलं की माझाच हात गेला असं वाटतंय. भ्या वाटतंय मला."

"मग फोरमनला सांग. स्टोअरला बदली माग."

"काय सांगू? पैलवान भ्याला म्हणून?"

"भ्यालास तर भ्यालास. बैल बी भितो."

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच सांगितलं. फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "हात मोडला तर बदली देतो. भ्याला म्हणून द्यायला लागलो, तर मला बांगड्यांचं दुकान काढावं लागंल."

श्रावण संपायच्या आत पैलवानाची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. अपघात, असं कंपनी म्हणाली, युनियनही म्हणाली. मी दवाखान्यात डबा घेऊन गेले तेव्हा त्याने मला सांगितलं, हात निसटला नव्हता, त्याने ठेवला होता. फोरमनचा शब्द त्याने खरा धरला. फोरमननेही तो पाळला. बरा होऊन आल्यावर पैलवानाची स्टोअरला बदली झाली.

मग त्याचं कौतुक सुरू झालं. काय मर्द गडी, बोटं गेली तरी हूं की चूं नाही. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा होते. त्या वर्षी प्रेसला हळदकुंकू लावायचा मान त्याला दिला. त्याने उरलेल्या बोटांनी लावलं आणि माझ्यासाठी प्रसादाचा पेढा घेऊन आला.

"आता भ्या गेलं का रं?" मी विचारलं.

"न्हाई. स्टोअरमधी बी येतं. पण आता कुणी इचारत न्हाई."

दिवाळीला तो गावी गेला तो परत आला नाही. संक्रांतीच्या सुमाराला त्याचा भाऊ वळकटी न्यायला आला. मी त्याला जेवायला वाढलं.

"नुसता बसून असतो," तो म्हणाला. "खायला घातलं तर खातो. दोनच तर बोटं गेली, मावशी. एवढं काय झालंय त्याला?"

मी सगळं सांगितलं. बोटं कशी गेली तेही. त्याने ऐकून घेतलं आणि ताटात हात धुतला.

"तसलं आमच्या घरात कुणाला न्हाई," म्हणाला. वळकटी खांद्यावर टाकली आणि एसटी गाठायला निघाला.