दाराजवळची दोन भोकं

अरुण गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजरी पाखडत होते. धाकट्या भावानं आधी जावं हे काही बरं नाही, पण हातातलं सूप टाकून रडायची मला सवय नाही. पाखडणं संपवलं, हात धुतले आणि कन्नडहून एसटीनं हर्सूलला गेले. त्याच्या गल्लीत पाहुणे घर शोधत फिरत होते. दारावर नावाची पाटीच नाही. मेल्यावरही या माणसानं लोकांना हिंडवलं.

अरुण कॉलेजात लढाईचा कायदा शिकवायचा. मी चौथी शिकलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. "लढाईत कसला रे कायदा?" तो म्हणाला, "अक्का, ज्याच्या हातात हत्यार नाही त्याला मारायचं नाही. बायका, पोरं, दवाखाने. जगातल्या देशांनी तशा सह्या केल्यात."

पुढं तो परदेशातल्या एका लढाईत मदत करणाऱ्या संस्थेबरोबर निघाला. दवाखाना कुठं आहे हे दोन्ही फौजांना कळवायचं, छपरावर मोठी खूण रंगवायची, म्हणजे तिथं बॉम्ब पडणार नाही, असं त्याचं काम. निरोप घ्यायला आला तेव्हा मी भाकरी थापत होते. म्हणाले, "म्हंजी दवंडी पिटायची."

आमच्या वडिलांची, आबांची, दवंडी त्याला नुसती ऐकून माहीत होती, मी डोळ्यांनी पाहिलेली. पोलीस ॲक्शननंतर रझाकारांवरचा सूड कुठल्याही मुसलमानावर निघत होता. आमच्या गावात मुसलमानांची थोडीच घरं, सगळे कापूस पिंजणारे पिंजारी. रझाकारांशी त्यांचा काही संबंध नव्हता. आबा गावचे पाटील. त्यांनी त्या सगळ्यांना चावडीमागच्या कोठारात आणलं आणि आसपासच्या गावांत दवंडी दिली, की ही माणसं पाटलाच्या आसऱ्याला आहेत, कुणी हात लावायचा नाही. पाटलाचा शब्द कुणी मोडणार नाही, असं त्यांना वाटलं. बाहेरून टोळी आली ती एकही घर न धुंडाळता सरळ कोठारावर गेली. माझ्याबरोबर सागरगोटे खेळणारी खातून त्यातच होती. नंतर तिला मी बांगड्यांवरून ओळखलं. चेहरा राहिला नव्हता.

"आबांच्या मागं कायदा नव्हता," अरुण म्हणाला. "त्या टोळीतल्या कुणाला शिक्षा झाली?"

"नाय. एक जण तर पुढं सरपंच झाला."

"मग! आता कुणी असं केलं तर तो जगासमोर गुन्हेगार ठरतो."

"मेलेल्याला काय त्याचं?"

"जित्याला आहे," म्हणाला, आणि भाकरी खाऊन गेला.

काही महिन्यांनी परत आला. बॉम्ब छपरावरच्या खुणेच्या मधोमध पडला होता. खाली बाळंतिणी होत्या. फौजेचे साहेब म्हणाले, चूक झाली. "पत्ता तर मीच दिला होता अक्का, मग चूक कसली?" हे तो तिथंही विचारत राहिला. शिक्षा कुणालाच झाली नाही. हर्सूलच्या घरी ओट्यावर बसून त्यानं विचारलं, "आबा नंतर काय म्हणायचे?"

"काय नाय. चावडीवर जायचं सोडलं, अन् लवकर मेले."

धीर देण्यापुरतं खोटं बोलता आलं असतं. कशाला?

तो उठला, पेचकस आणला आणि दाराजवळची स्वतःच्या नावाची पाटी काढली. शिकवणं मात्र सोडलं नाही. शेवटपर्यंत पोरांना तोच कायदा शिकवला. मी एकदा टोचलं, "अजून खरं वाटतंय व्हय तुला?"

"नाही वाटत. पण दुसरं आहे काय आपल्याकडं?"

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

तेराव्याला त्याचे विद्यार्थी नवी पितळी पाटी घेऊन आले. "सरांचं नाव बाहेर दिसायला पाहिजे, आत्या." मी म्हणाले, "आत लावा. त्याच्या खुर्चीच्या मागं." त्यांची तोंडं उतरली, पण लावली.

मी अजून त्याच्याच घरी आहे. दाराजवळ जुन्या पाटीची दोन भोकं तशीच आहेत. मी बुजवायला चुना कालवला होता. बघते तर एकात मुंग्या राहायला आलेल्या, तोंडात अंडी धरून आत-बाहेर करत होत्या. चुना तसाच वाळला. घरी कुणी आलं की मुंग्या कुणाला दिसू नयेत म्हणून मी त्या भोकाकडं पाठ करून उभी राहते.