कलप लावलेला पुरावा

एकदा मी चक्क विज्ञानालाच कलप फासला होता. वय पन्नाशीचं, मिजास सोळाची! शेजारची शलाका संशोधक. कारखान्यांचा पारा खाडीतल्या माशांतून माणसांत किती उतरतो, हे ती शोधत होती. त्यासाठी तिला मासेखाऊ बायकांचे केस हवे होते. माझी सून तेव्हा पोटुशी. तिच्या ताटात खाडीचा मासा वाढावा का, हेही त्यातूनच कळणार होतं. आणि मी? फोटो निघेल म्हणून आदल्या दिवशी केस काळेभोर करून ऐटीत हजर! कलप लावलेल्या केसांतला पारा खात्रीने मोजता येत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं.

आज फणीत अडकलेला पांढरा केस उन्हात धरला आणि अंगावर काटा आला. केवढीशी ही तार! पण खाल्लेली प्रत्येक बोय मासळी, प्रत्येक कालवण हिने गुपचूप टिपून ठेवलंय. आपण विसरतो, शरीर विसरत नाही. अख्ख्या खाडीची साक्ष माझ्या डोक्यावर उगवत होती, आणि मी बावळट तिलाच रंगवत बसले होते!

"आता गं?" मी त्या दिवशी ओशाळून विचारलं होतं.

शलाका हसू दाबत म्हणाली, "काकू, मुळांशी पांढरं दिसलं की लाजू नका, मला हाक मारा. तोवर सूनबाईंना खाडीचा मासा नको. खाडीसुद्धा तुमच्यासारखीच वरून छान दिसते!"