साहेबाची पत्रं आणि सेंदाईचा डोंगर

टोकियोहून उत्तरेला जाणारी शिंकान्सेन (जपानची अतिवेगवान गाडी) सुटली तेव्हा माझ्या मांडीवर पत्र्याचा एक डबा होता आणि डोक्यात एक प्राध्यापक होते. सामान ठेवायला वर भरपूर जागा होती, पण तो डबा मी पुण्यापासून कोणाच्याही हाती दिला नव्हता.

डब्यात जुनी पत्रं होती. इंग्रजांच्या अमदानीत सिक्कीम-तिबेटच्या सीमेवर सरकारचा वकील म्हणून एक साहेब राहत असे. पोटापाण्याने मुत्सद्दी, आवडीने पंडित. तिबेटी शिकला, पोथ्या जमवल्या, लामांच्या पायाशी बसला. त्याच्या बंगल्यात एक जपानी भिक्षू काही हिवाळे राहिला. तोही पोथ्यांसाठीच आलेला. भिक्षू मायदेशी परतल्यावर दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना इंग्रजीत लिहीत राहिले. भिक्षूने साहेबाला लिहिलेली पत्रं मला दार्जिलिंगच्या एका बंगल्याच्या लिलावात, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली सापडली. जुन्या पुस्तकांचा आणि कागदांचा माझा धंदा. रद्दीच्या तराजूपासून सुरुवात केली. हात धरून शिकवायला कोणी नव्हतं.

ती पत्रं एका प्राध्यापकांनी अभ्यासाला मागितली. मी विश्वासाने दिली. त्यांनी लेख लिहिला, शाली-श्रीफळं घेतली आणि तळटीपेत माझ्याबद्दल छापलं : ‘एका खासगी संग्रहातून’. नाव नाही, गाव नाही. मी खासगी संग्रह! तेव्हाच ठरवलं की दुसरी बाजू, म्हणजे साहेबाने भिक्षूला लिहिलेली पत्रं, मी मिळवीन आणि दोन्ही बाजूंचं पुस्तक माझ्या नावाने काढीन.

टोकियोत त्याआधी एक दिवस हाताशी होता. जुन्या पुस्तकांच्या गल्लीत गेलो. एक हिमालयाचा नकाशा आवडला. मी किंमत बघून तोंड वाकडं केलं, बोटांनी निम्म्याची खूण केली. दुकानदाराने नम्रपणे वाकून नकाशा माझ्या हातातून घेतला आणि जागेवर नेऊन ठेवला. पुढे एक शब्द नाही! असा माणूस धंदा कसा करतो, याचं मला दिवसभर आश्चर्य वाटत राहिलं. त्याच दिवशी केळ्याची साल टाकायला कुठे कचराकुंडीच सापडली नाही. साल खिशात घेऊन रात्री हॉटेलवर परतलो.

सेंदाईच्या स्टेशनावर मुग्धा उभी होती. माझ्या मित्राची मुलगी. इथल्या विद्यापीठात संशोधन करते. साहेबाची पत्रं भिक्षूच्या नातवाकडे (जपानात भिक्षू संसारही करतात), जवळच्या डोंगरातल्या एका बौद्ध देवळात आहेत, हे तिनेच शोधलं होतं.

“काका, कानटोपी घाला आधी. इथे पुण्याची थंडी नाही.”

“दार्जिलिंगला मी नुसत्या मफलरवर लिलाव केलेत.”

“तेव्हा तुमचे केस होते,” ती म्हणाली. मी कानटोपी घातली.

कोंबिनीतून (दिवसरात्र उघडं असणारं छोटं दुकान) तिने ओनिगिरी (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोणी गोळा) घेतली. आत आंबट आलुबुखार निघाला. लिंबाच्या लोणच्याची आठवण व्हावी असा. बस डोंगर चढू लागली. दोन्ही बाजूंना उंच सुरूसारखी झाडं बर्फाने वाकलेली, मध्येच एखादं निळ्या कौलांचं घर, आणि माणूस कुठेही नाही. मुग्धाने वाटेत मला सगळं समजावलं. नातू म्हणजे सत्तरी ओलांडलेले भिक्षू. त्यांचा मुलगा टोकियोतल्या तोयोसूला संगणकाच्या कंपनीत. त्याला देऊळ नको. त्यामुळे यंदा देऊळ बंद होणार होतं. दर जानेवारीत तिथे ओताकिआगे (मान असलेल्या जुन्या वस्तू मंत्र म्हणून अग्नीला देण्याचा विधी) होतो. दोन दिवसांनी शेवटचा होता.

“साहेबाच्या पत्रांचं काय करायचं, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही,” मुग्धा म्हणाली.

मी मनात म्हटलं, विकणारा अडलेला आहे.

भिक्षूंनी आम्हाला दारातच वाकून नमस्कार केला. मी संक्रांतीचे तिळाचे लाडू नेले होते. त्यांनी ते आधी आत नेऊन आजोबांच्या तसबिरीपुढे ठेवले. मी आजोबांची पत्रं काढली, तेव्हा ते उठले, हात धुऊन आले आणि एकेका पत्रावर बोट न टेकवता वरून नजर फिरवत राहिले. मग फुरोशिकीत (वस्तू बांधायचा चौकोनी रुमाल) बांधलेला साहेबाच्या पत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

गठ्ठा सुटला. असा माल आयुष्यात एकदाच समोर येतो. पण चेहऱ्यावरची रेघही मी हलू दिली नाही. एकेक पान उचलून खिडकीकडे धरत गेलो. कागदाच्या गिरणीचा छाप, शाईचा रंग, घडीवरची झीज. भिक्षूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मुग्धाला एक पत्र वाचून अर्थ सांगायची विनंती केली. ती वाचत होती. साहेबाचे तिबेटी गुरू वारले होते. शेवटच्या रात्री साहेब उशाशी होता. आता आपण लिहीत असलेल्या तिबेटी कोशात एखादा शब्द अडला तर विचारायला कोणी उरलं नाही, असं काहीसं. मी अर्ध्या कानाने ऐकलं. माझं लक्ष कागदावर होतं.

“जगताप-सान (जगतापजी), तुमचं मत काय?” भिक्षूंनी मुग्धामार्फत विचारलं.

मी सुस्कारा सोडला. “ओल लागलीय. शाई फुटलीय. कडा कसरीने खाल्ल्यात. निम्मी पत्रं तर हवापाण्याची आणि खेचरांच्या दुखण्याची. याला आता कोण विचारतो?”

मुग्धाने विचारलं, “काका, हे असंच सांगू?”

“शब्दन् शब्द सांग. भाव तिथूनच उतरतो.”

तिने सांगितलं. भिक्षूंनी मान खाली घातली. मग म्हणाले, “सोऽ देस् का (असं आहे होय).” आणि पानं सरळ करून गाठ बांधू लागले. मी डबा उचलला. “राहू दे मग. मला नकोत,” म्हणून उठलो. हा माझा हुकमी डाव. फाटकापर्यंत हळूहळू चालायचं. समोरचा हाक मारतोच.

हाक आली नाही. पण बस वळेपर्यंत ते बर्फात, फाटकाशी वाकून उभे होते.

“बघितलंस? विकणारा दारात उभा राहिला की समजायचं, पडला.”

“काका, इथे प्रत्येक पाहुण्याला असाच निरोप देतात.”

“तुला धंद्यातलं काय कळतं?”



दुसरा दिवस मी हॉटेलात फोनची वाट पाहण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी सकाळी मुग्धा धापा टाकत आली. भिक्षूंचा निरोप होता. तिने मोबाइलवरून वाचला : ‘जगताप-सान जुन्या कागदांचे जाणकार. त्यांनी स्पष्ट सांगितल्यामुळे माझा जीव भांड्यात पडला. पत्रं आज अग्नीला देत आहे. आभार.’

“फोन लाव!”

“चारदा लावला. विधी सुरू असेल. कोणी उचलत नाही.”

टॅक्सीत मी ड्रायव्हरवर मराठीत ओरडत होतो. बर्फातून तो जमेल तेवढ्या वेगात चालवत होता.

अंगणात आग बसत आली होती. गावातली म्हातारी माणसं हात जोडून उभी होती. कोणी जुनी बाहुली आणलेली, कोणी देवाचं नाव लिहिलेल्या जुन्या पाट्या. भिक्षूंच्या हातावर फुरोशिकी नीट घडी घालून ठेवलेली होती. ती पाहिली आणि मी काय ते समजलो.

“एकदा विचारायचं होतं! एकदा! मी ती हवी म्हणून सातासमुद्रापलीकडून आलो होतो!”

मुग्धाने भाषांतर केलं नाही. त्यांना आवाजावरून कळलं असावं. ते अधिकच खाली वाकले.

“हे तरी सांग त्यांना!”

“काय सांगू, काका? परवा मी शब्दन् शब्द सांगितलं होतं. तुम्हीच म्हणालात.”

शेवटी ती त्यांच्याशी हळू आवाजात बोलली.  त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग तुटक तुटक बोलले आणि मुग्धाने सांगितलं, “ते म्हणतायत, ‘ही पत्रं तुमच्याबरोबर द्यायची माझ्या मनात होती. पण तुम्हाला ओझं वाटलं, तर आग्रह कसा करणार?’ विकायचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता.”

ज्या वस्तूची किंमत कोणी सांगितलीच नव्हती, ती मी अख्खी दुपार पाडत बसलो होतो.

राग मात्र लगेच गेला नाही. राखेभोवती दोन फेऱ्या मारल्या. काठीने उकरून पाहिलं. एका तुकड्यावर अक्षरं दिसली. उचलताच बोटांत भुगा झाला. माणसं पांगली तरी भिक्षू उभेच होते. मग ते आत गेले आणि एक लाकडी पेटी घेऊन आले. पांढरं, हलकं लाकूड, नव्या दोरीची गाठ. गावातल्या सुताराकडून त्यांनी ती माझ्यासाठी करवून घेतली होती. दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी बसतील एवढी.

“आजोबांची पत्रं तरी हिच्यात ठेवाल का?” त्यांनी विचारलं.

मी तिथेच, बर्फात गुडघे टेकून, पत्र्याच्या डब्यातली पत्रं पेटीत ठेवली. माझी बोटं थंडीने वाकत नव्हती, म्हणून दोरी त्यांनी बांधली.

परतीच्या गाडीत मी मुग्धाने पाठवलेला मजकूर वाचत होतो. तिने वाचलेलं ते एक पत्र आठवेल तसं तिने लिहून काढलं होतं. त्यातला अर्धा भाग तिला आठवत नव्हता. माझ्या पेटीत भिक्षूचे प्रश्न आहेत : लामा कसे आहेत, घाटात बर्फ किती पडलं, कोश कोणत्या अक्षरापर्यंत आला. उत्तरं माझ्या या हातांतून गेली. कागद कोणत्या गिरणीचा होता ते मी आजही शपथेवर सांगेन. साहेबाने काय लिहिलं होतं ते विचारू नका.

पुण्याला घरी आलो. बायकोने पेटी उचलली, तर आत पत्रं सरकल्याचा आवाज झाला. “अर्धी रिकामी आहे हो,” ती म्हणाली. “कापूस भरून देऊ का? कागद हलून झिजतील.”

तिचं म्हणणं रास्त होतं. धंद्यात मी दुसऱ्यांना हेच सांगतो. पण त्या जागेत काही भरायला माझा हात धजला नाही.