‘येते’ म्हणाली एंजेला

कर्जतकडच्या एंजेला साळवेला स्थळं काही कमी आली नव्हती. कपडे शिवून स्वतःचं पोट भरणारी, बोलायला गोड बाई. पण तिचा जीव जडला गोरक्षवर, आणि गोरक्ष तर मागच्या पावसाळ्यात साप चावून मेलेला! नाथपंथी घरातला, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याला पुरला. तो उठून आला आणि रक्तावर जगू लागला. तरी एंजेलानं त्याला सोडलं नाही. आता या बाईला काय म्हणावं?

गावाबाहेरच्या पडीक बारवेत असल्या उठून आलेल्या मेलेल्यांचा दरबार होता. जितकं मरण जुनं, तितकी पायरी खालची. तळाशी पाण्यालगत आप्पासाहेब. आधी ते पिणार, मग उरलंसुरलं एकेक पायरी वर येणार. गोरक्ष सगळ्यांत नवा, म्हणून सगळ्यांत वर, उजेडापासून तोंड लपवत बसायचा. जिवंत बाईवर जीव लावायचा तर आप्पासाहेबांची परवानगी हवी. ती मागायला एका संध्याकाळी तो एंजेलाला घेऊन गेला. गळ्यातला क्रूस तिनं त्याच्या सांगण्यावरून घरीच काढून ठेवला होता.

ती त्याच्यामागून पायऱ्या उतरू लागली. दोन्ही बाजूंची पांढरीफटक तोंडं वळून तिच्या गळ्याकडे बघत होती.

“जित्ती हाय,” आप्पासाहेब म्हणाले. “जित्तीला हितं जागा न्हाई. आल्या पावली माघारी जा, बाई.”

एंजेलाच्या जिवात जीव आला. हात जोडून ती सवयीनं बोलून गेली, “बरं, येते आप्पा.”

सगळी बारव उठून उभी राहिली. निघताना आपल्यात कुणी ‘जाते’ म्हणत नाही, हे खरं. पण मेलेल्यांत शब्दाला एकच अर्थ. येते म्हणजे येते, त्यांच्यात.

“शब्द दिला तिनं,” आप्पासाहेब हसले. “पायरी द्या तिला.”

गोरक्ष आडवा आला. “एंजे, माझ्याकडं बघून ‘जाते’ म्हन. शब्द माघारी घेता येतो.”

“आन तू?”

“शब्द मोडला तर तिला आननाऱ्यानं सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं आन जळून जायचं,” आप्पासाहेबांनीच सांगून टाकलं. “कायदा हाय आमचा.”

“म्हन की!” गोरक्ष ओरडला.

मागून एक गार बोट तिच्या मानेवर टेकलं. गोरक्षवर तिचं प्रेम होतं, त्यात खोट नव्हती. पण त्या घटकेला तिला फक्त जगायचं होतं.

“जाते,” ती म्हणाली आणि पायऱ्या चढत पळत सुटली.

सकाळी ऊन पडलं तेव्हा एंजेला शिलाई मशीनवर बसली होती. सुईत दोरा नव्हता, पुढ्यात कापड नव्हतं, तरी ती पाय मारतच होती. मशीनचा आवाज थांबला, तर बारवेकडून काय ऐकू येईल, या धास्तीनं.