फोडशी आणि गवत

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. पत्रकं लिहिणारी माणसं शूर असतात असं लोकांना उगाच वाटतं. पत्रकात उद्गारचिन्हं फार असतात ना, म्हणून.

आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, चिऱ्याची मोठी खाण होणार होती. कंपनीच्या अहवालात त्या अख्ख्या कातळाला एकच शब्द होता: पडीक. त्या शब्दावर मी पत्रकं काढली आणि पालीच्या बाजारात उभी राहून वाटली. मग फोन सुरू झाले. आधी नुसता श्वास ऐकू यायचा. नंतर एकदा अगदी आदरानं कुणीतरी म्हणालं, "ताई, पावसाचे दिवस आहेत. उतारावर गाडी सांभाळून चालवा."

त्या दिवसापासून माझं लक्ष स्कूटरच्या आरशातच. नंबरप्लेट नसलेली पांढरी जीप कधी कुठं उभी होती, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण आईनं चष्मा बदललाय, हे मला आठ दिवसांनी कळलं, तेही तिनंच सांगितलं म्हणून.

आमच्या खाणविरोधी संघटनेच्या शिबिरात शहरातून आलेल्या बाईंनी या भीतीवर उपाय सांगितला. रोज आनंदाच्या तीन गोष्टी वहीत टिपायच्या. मी तिथंच उठले. "आमच्या पायाखालची जमीन जातेय आणि आम्ही काय फुलपाखरं मोजत बसायचं?" टाळ्या पडल्या. घरी आले ती आरशात बघतच.

खाणीच्या परवानगीवरच्या सरकारी सुनावणीच्या आदल्या दिवशी मी काकीला सांगितलं की मी बोलणार नाही, आजारी आहे म्हणून कळवणार. काकी म्हणजे माझी चुलती. काका मुंबईला नोकरीला, त्यामुळे घर, गुरं, शेत सगळं तिच्याच अंगावर. ती म्हणाली, "नको बोलूस. कोण जबरदस्ती करतंय? पिशवी घे, सड्यावर फोडशी काढायला चल."

फोडशी ही आषाढातली रानभाजी. दिसायला हुबेहूब गवत. गवतातच उगवते. मी अर्धी पिशवी भरून दिली. काकीनं एक मूठ बाहेर काढली आणि हसतच सुटली.

"बाय, ह्यां म्हशीक घाल! सगळा गवात हाय."

"मग सारखंच दिसतं की!"

"तुझा ध्यान हाय खय? रस्त्याकडं. बुडाशी बघ. फोडशी बुडाशी पांढरी नि चपटी. बोटांना कळतां."

मी खाली वाकले. वाकलं की रस्ता दिसत नाही, आणि मला त्याचीच भीती. मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं वाटत होतं. तरी एक पात उपटली. पांढरी, गार, चपटी. मग दुसरी. कातळाच्या खळग्यात पाणी साचलं होतं आणि त्यात नखाएवढी जांभळी फुलं होती. त्याच कातळावरून मी शाळेला गेले, मोर्चा नेला. ती फुलं मी कधी पाहिली नव्हती. छातीत काहीतरी हललं, आणि लगेच दुप्पट भीती वाटली. आतापर्यंत मी एका मुद्द्यासाठी भांडत होते. आता जाणार होती ती ही फुलं.

तेवढ्यात जीप आली.

एक माणूस उतरला, छत्री उघडून जवळ आला. "काय शोधताय मावशी?"

"भाजी."

"भाजी? इथं नुसतं गवत आहे."

"तुमाला गवातच दिसणार," काकी मान वर न करता म्हणाली. "हिलाही मघापर्यंत तसाच दिसत होता."

तो माझ्याकडे वळून हसला. "ताई, उद्या येताय ना?" आवाज ओळखीचा होता. उतारावर सांभाळून चालवायला सांगणारा.

मी खाली बसले आणि फोडशी काढत राहिले, कारण दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. जीप गेल्याचं मला आवाजावरून कळलं. काकीनं माझी पिशवी तपासली. एकच पात गवताची निघाली.

दुसऱ्या दिवशी मी सुनावणीला गेले. हातात दोन जुड्या होत्या, एक फोडशीची, एक गवताची. सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवून विचारणार होते, यातलं पडीक कुठलं? पण नाव पुकारल्यावर दोन्ही जुड्या हातातून सुटून टेबलावर एक झाल्या. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. पाठ केलेलं भाषण गेलं.

मी निवडायला लागले. गवत डावीकडे, फोडशी उजवीकडे. बोटांना कळत होतं. निवडता निवडताच बोलले: ही कधी उगवते, कुणाच्या घरी शिजते, खळग्यात कुठली फुलं येतात. उद्गारचिन्ह एकही नाही.

"मॅडम, हे सगळं लेखी द्या," साहेब म्हणाले.

"देते. पण आधी हातात घेऊन बघा."

त्यांनी एक पात उचलली, उलटीसुलटी केली आणि गवताच्या ढिगात टाकली. मागच्या बायका एकदम ओरडल्या, "ओ साहेब, फोडशी हाय ती!" मग साहेबांनी लेखनिकाला काहीतरी लिहायला सांगितलं. काय, ते मला अजून माहीत नाही. निकाल लागलेला नाही.

घरी जाताना जीप मागे होती. आरशात दिसत होती, आणि मी घाबरले होते. स्कूटरला पुढे अडकवलेल्या पिशवीतून ओल्या फोडशीचा वास येत होता. तोही मला येत होता.