लुमीर परवानगी मागायला जातो

लुमीर ह्रुश्काच्या नावावर नेब्रास्कात वीतभर जमीन नव्हती, तरी एकेचाळीस वर्षांत फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा एकही हंगाम त्यानं चुकवला नव्हता. गावच्या धान्यकोठारावर तो मक्याच्या ट्रकांचं वजन करायचा आणि शिकारीला एमिल काश्परच्या शेतातल्या ओढ्याकाठच्या उंच गवतात जायचा. दर सप्टेंबरात एमिलच्या स्वयंपाकघरात बसून रीतसर विचारायचा, "यंदा येऊ का?"

"न विचारता आलास तर पाठीत छर्रे घालीन," एमिल म्हणायचा आणि कॉफी ओतायचा.

एमिल मार्चमध्ये गेला. घर आवरायला ओमाहाहून त्याचा मुलगा गॉर्डन आला होता. लुमीरनं अंगणातच त्याला गाठलं.

"बाबांचं तुमच्यावर किती प्रेम होतं, मला ठाऊक आहे," गॉर्डन म्हणाला. "पण शिकारीचा हक्क आम्ही एका कंपनीला दिलाय. बाहेरची माणसं आणतात ते."

"मी एकटा, सोबत म्हातारी कुत्री. कुणाला पत्ताही लागायचा नाही."

"लागला तर मी अडकेन, लुमीर."



मग लुमीरनं इतर जमीनमालकांची दारं ठोठावायला सुरुवात केली. जाताना बंदूक घरी ठेवायचा. होकार गृहीत धरलाय असं कुणाला वाटू नये. पहिल्या घरी दाराची घंटा वाजवली, तर भिंतीवरच्या डबीतून आवाज आला, "काय हवंय?" मालक डेन्व्हरला होता, तिथूनच बोलत होता. लुमीरनं टोपी काढून त्या डबीला सगळं सांगितलं. "नाही," डबी म्हणाली आणि गप्प झाली.

डीन कुचेरा तरी ओळखीचा होता. त्याचा मका लुमीरनं तीस वर्षं तोलला होता.

"वजनात कधी पौंडभर तरी सोडलंस का मला?" डीननं जाळीच्या दाराआडूनच विचारलं.

"कुणालाच नाही सोडलं, डीन."

"मग मी तरी का सोडू?" डीन हसला. लुमीरही हसला, आणि थट्टा संपून दार उघडेल म्हणून पायरीवर उभा राहिला. आत टीव्हीचा आवाज मोठा झाला, तेव्हा तो गाडीकडे वळला.

आणखी चार घरी तेच झालं. एका बाईनं तर तो काही विकायला आलाय असं समजून आधीच हात हलवला.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात डार्ला वाव्हरा भेटली. दोन वर्षांपूर्वी नवरा वारल्यापासून तिची शेती मोठे शेतकरी भाड्यानं कसत होते.

"जा की, मिस्टर ह्रुश्का, हवं तिथं फिरा," ती म्हणाली. तिनं नजर खाली वळवली. "पण तिथं आता काही राहिलं नाहीय. गवत सगळं नांगरलं त्यांनी. ओढासुद्धा सरळ केला."

"कडेला थोडं असेलच."

"असेल तर बरंच."

कडेला काही नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळपासून तो त्या कापलेल्या मक्यातून चालला. एखादं पाखरू दडेल एवढी झुडपाची सावलीही कुठं नव्हती. ट्रिक्सी नाक जमिनीला लावून पुढं जायची, थांबायची, मागं वळून त्याच्याकडं बघायची. अकरा वर्षांची कुत्री. आपलंच काही चुकतंय असं तिला वाटत असावं. दुपारी ती खुंटांतच बसली ती उठेना. लुमीरनं बंदूक खांद्याला अडकवली, तिला दोन्ही हातांवर उचललं आणि मैलभर चालत डार्लाच्या घराशी आला.

"मिळालं काही?" तिनं विचारलं.

"कुत्रीला फिरायला मिळालं. उपकार झाले तुमचे."

"पुढच्या वर्षीही या हं. विचारायचीसुद्धा गरज नाही."

ती मनापासून बोलली होती. लुमीरनं मान हलवली. परत येणार नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

ईस्टरच्या आधी ट्रिक्सी गेली. शरदात दुकानातल्या पोरीनं विचारलं, "यंदा शिकारीचं लायसन नाही काढायचं?" लुमीरनं गुडघेदुखीचं निमित्त सांगितलं, आणि दिव्याचे दोन बल्ब घेऊन घरी आला.